मांजरपाटावर सारस छापायला शिकले त्याची गोष्ट

महाराष्ट्रात सारस पाहायचा तर आमच्या गोंदिया जिल्ह्यातच यावं लागतं. थोडेफार भंडाऱ्याकडे दिसतात अन नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, बाकी राज्यात जवळपास नाहीच. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच पक्षी हा, पूर्ण वाढलेला सारस जवळजवळ सहा फुटांचा, मान वर करून धानात उभा राहिला की लांबून माणूसच उभा आहे असं वाटतं. पावसाळ्यात बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, साचलेल्या पाण्यात गवताकाडीचा ढीग करून घरटं करतो, बहुतेक दोन अंडी, अन मग महिनाभर नर-मादी आळीपाळीनं त्यावर बसतात. म्हणजे पिल्लू निघते की नाही हे जंगलखात्याच्या हातात कमी अन ज्याची बांधी आहे त्याच्या हातात जास्त. हे मला लहानपणापासून माहीत आहे कारण आमचं गाव वैनगंगेच्या बाजूचं, आणि म्हणूनच जेव्हा स्क्रीन प्रिंटिंग शिकायचं ठरवलं तेव्हा पहिलं चित्र कोणतं काढायचं हा प्रश्नच नव्हता.

आमचा महिला बचत गट आधीपासून मांजरपाटाच्या, म्हणजे कोऱ्या सुती कापडाच्या, पिशव्या शिवायचा. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा पिशव्यांना एकदम मागणी आली होती, मग हळूहळू बाजारात प्लास्टिकची पन्नी परत दिसायला लागली अन मागणी बसली. कोऱ्या पिशवीकडे कोणी बघत नाही. बाहेरून छापून घेऊन पाहिलं तर प्रिंटवाल्याकडे तयार चित्रं असतात ना, दोन हातांच्या ओंजळीत पृथ्वी अन त्यावर एक रोपटं, खाली झाडे लावा झाडे जगवा. तेच चित्र बँकेच्या कॅलेंडरवर, तेच शाळेच्या भिंतीवर. आमच्या गावात तर झाडाखालीच बसून लोक पिशवी बघतात, त्यांना झाडे लावा काय सांगायचं? मला वाटलं की आपल्या इथली गोष्ट आपल्या माणसांना सांगायची असेल तर चित्र आपल्याच हातानं काढावं लागेल आणि छापावंही.

शिकवायला तालुक्याला लग्नपत्रिका छापणारे एक भाऊ भेटले. पत्रिका, पावती पुस्तकं, मंडळांच्या टी-शर्टा, दुकानांच्या पिशव्या, सगळं ते स्क्रीनवर करतात. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत पत्रिकेचं काम थंड असतं, म्हणून ते म्हणाले पावसाळ्यात ये, जागा रिकामी असते, मलेही सोबत होते. पैसे घेतले नाहीत, बदल्यात मी त्यांची जुन्या फ्रेमींची जाळी बदलून दिली, पावत्या मोजून बांधून दिल्या. असं शिकलेलं मला चांगलं वाटतं कारण फ्रेम हातात घेऊन खोलली-बांधली की ती आपल्याला समजते.

पद्धत तशी सोपी सांगता येते. लाकडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट, तिच्यावर ताणलेली बारीक जाळी, हीच स्क्रीन, जाळीवर एक लेप, लेपात जिथं छिद्र उघडी राहिली तिथून रबराच्या पट्टीनं रंग खाली ढकलायचा. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमननं १९०७ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं, तेव्हा जाळी रेशमाची असायची, आता सगळी पॉलिस्टरची येते. जाळीला नंबर असतो, ४३ नंबर म्हणजे एका सेंटिमीटरात ४३ धागे. आकडा जितका मोठा तितकी जाळी बारीक. भाऊंच्या पत्रिकेच्या फ्रेमी १२० च्या होत्या, त्यातून कागदावर केसाएवढी रेघ येते, पण कापडाला ती चालत नाही, कापड रंग पितं त्यामुळे रंग जास्त उतरावा लागतो, म्हणून ४३. जाळी ताणण्यात मला सगळ्यात जास्त वेळ लागला. चारी बाजूंनी सारखी ताणली गेली पाहिजे, बोटानं टिचकी मारली तर डफासारखी वाजली पाहिजे. ढिली राहिली की रबर फिरताना जाळी सोबत सरकते अन रेघ फाटते. भाऊ स्वतः आवाज ऐकून सांगायचे, हे कोपरं पुन्हा काढ.

चित्राकडे येते आता, कारण इथं मला खरं शिकायला मिळालं. मी आधी पेन्सिलीनं सारस काढायची, पिसांना बारीक छटा, पाण्यात सावली, मागे डोंगर. भाऊंनी कागद पाहिला अन एवढंच म्हटलं की ताई, जाळीले काळं समजते नाहीतर पांढरं समजते, मधलं काही समजत नाही. मधली छटा हवी असली तर ठिपक्यांत फोडावी लागते, अन ४३ च्या जाळीत बारीक ठिपके टिकत नाहीत. मग मी छटा सोडल्या. फक्त आकार. शरीर राखाडी, डोकं अन मानेचा वरचा भाग लाल, पाय लालसर. खरं तर सारस हा दोन स्क्रीनसाठीच बनलाय असं मला तेव्हा वाटलं, एक राखाडीची, एक लालची, अन मांजरपाटाचा मूळ रंग म्हणजे पाण्यावरचं आभाळ. डोंगर काढून टाकला. आमच्याकडे बांधीमागे डोंगर दिसतही नाही.

अक्षरांचा विषय वेगळाच आहे आणि याच्याबद्दल मला कोणी आधी सांगितलेलं नव्हतं. कॉम्प्युटरवरचे मराठी फॉन्ट कागदावर छान दिसतात पण जाड जाळीतून कापडावर उतरवले की अनुस्वार गळतो, मात्रा अर्धी येते, ध भ क्ष यांच्या गाठी रंगानं भरून जातात. घरटं मधला अनुस्वार गेला की घरट राहतं, वाचणारा समजून घेईल पण मला ते नको होतं. म्हणून ट्रेसिंग पेपरवर मी हातानं अक्षरं काढली, काळ्या शाईनं, ब्रशनं, अनुस्वार मुद्दाम मोठा अन शिरोरेषेपासून सुटा, गाठींमध्ये भरपूर जागा. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहिणारे पेंटर असतात ना त्यांची अक्षरं बघा, ते जशी जागा सोडतात तशी सोडायची. काळी शाई दाट पाहिजे, उजेडासमोर धरली तर आरपार दिसता कामा नये. लेझर प्रिंट काढत असाल तर कागदाला मागून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की कागद पारदर्शक होतो, उजेड नीट जातो, ही भाऊंची युक्ती.

आता लेपाचं. या गोष्टीवर मी मुद्दाम थांबणार आहे. जाळीवर जो लेप लावतात त्याला इमल्शन म्हणतात, त्यात उजेडाला प्रतिसाद देणारं औषध मिसळावं लागतं तेव्हाच चित्र पकडतं. आपल्याकडे कित्येक ठिकाणी अजून बायक्रोमेट वापरतात, नारिंगी रंगाचं, स्वस्त पडतं, काम लवकर होतं. हे क्रोमियमचं मीठ आहे, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत पहिल्या गटात आहे, अन हाताला लागत राहिलं की कातडीला फोड अन खोल जखमा होतात. चित्र पकडलं की जो भाग उजेडापासून झाकलेला होता तो पाण्यानं धुऊन जातो, म्हणजे त्यातलं न वापरलेलं बायक्रोमेट सरळ मोरीत. मोरीतून नालीत. आमच्या गावात नाली कुठं जाते? बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. बोडीतून पाणी धानाला, अन त्याच बोडीच्या काठाला ढोरं पाणी पितात अन सारस चरतो. सारस वाचवा म्हणून छापायचं अन ते छापताना क्रोमियम त्याच्याच पाण्यात सोडायचं, हे माझ्याच्यानं झालं नसतं.

भाऊंना मी विचारलं तेव्हा ते नाराज झाले नाहीत. त्यांनी स्वतःच्या बोटांच्या सांध्यावरचे जुने डाग दाखवले, म्हणाले आम्ही शिकलो तेव्हा कोनी सांगतलंच नाही. डायझोचं इमल्शन मिळतं, त्यात क्रोमियम नसतं. छोट्या बाटलीत पावडर येते, पाण्यात विरघळवून डब्यात मिसळायची, थंड जागी ठेवलं तर काही आठवडे चालतं. बायक्रोमेट मिसळलेलं मात्र लवकर खराब होतं, रोज नवीन करावं लागतं अन उरलेलं फेकावं लागतं. डायझो महाग आहे अन उजेड जास्त वेळ द्यावा लागतो, एवढाच फरक. आम्ही नागपूरहून मागवलं अन आता भाऊही पिशव्यांच्या कामाला तेच वापरतात. मला विचाराल तर शिकणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून डायझोवरच हात बसवावा, बायक्रोमेटला हातच लावू नये.

लेप लावायच्या आधी जाळी भांड्याच्या साबणानं घासून धुवायची, तेलकट बोट लागलं असेल तिथं लेप धरत नाही. मग दोन्ही बाजूंनी पातळ सारखा लेप, अंधाऱ्या खोलीत आडवी ठेवून पंख्याखाली वाळवायची, पिवळा बारका बल्ब चालतो. पावसाळ्यात हे वाळणं म्हणजे परीक्षा आहे, हवेत इतका ओलावा की वरून कोरडं वाटतं अन आत ओलंच असतं, अशी ओली स्क्रीन उजेडाला लावली की धुताना सगळा लेप सुटून येतो. भाऊंकडे ट्यूबलाइटची पेटी होती. घरी आल्यावर मी उन्हाळ्यात ऊन वापरलं. खाली फोम अन काळं कापड, त्यावर स्क्रीन, त्यावर ट्रेसिंग, वरून जाड काच. आमच्याकडचं ऊन म्हणजे फार तेज, थोडा वेळ जास्त झाला की बारीक अक्षरं भरून जातात. म्हणून एका जुन्या स्क्रीनवर पुठ्ठा थोडा थोडा सरकवत पट्टे करून पाहायचे, कोणत्या पट्ट्यात अक्षर स्वच्छ उघडलं ते लिहून ठेवायचं, अन महिना अन वेळही लिहायची, कारण मार्चचं दहाचं ऊन अन मेचं दहाचं ऊन एक नाही. उजेड लागलेला भाग कडक होतो, काळ्या शाईखाली झाकलेला मऊ राहतो अन पाण्यात विरघळतो. धुवायला फवारणीचा नवा पंप घेतला, बारीक तुषार येतात. नवाच घ्यायचा बरं, शेतातला औषध मारलेला पंप घरात या कामाला आणू नका, धुवून घेतला तरी नको.

रंगाबद्दल. टी-शर्टावर जाडसर रबरासारखा जो प्रिंट असतो तो प्लास्टिसोल, म्हणजे मुळात पीव्हीसी, प्लास्टिकच, अन त्याला साधारण १६० अंशाला भाजावं लागतं. प्लास्टिकच्या विरोधातल्या पिशवीवर प्लास्टिकचा थर देण्यात अर्थ नाही. दुसरी जुनी पद्धत म्हणजे रॉकेल फेटून केलेली पेस्ट, तिचा वास घरभर राहतो. आम्ही पाण्यातली बाइंडर पेस्ट घेतली, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणारी, त्यात पिगमेंटचे, म्हणजे तयार रंगाचे, थेंब टाकून रंग करायचा. बाइंडर हेही अॅक्रिलिकच आहे, एकदम निसर्गातलं काही नाही, पण थर पातळ राहतो, कापड कापडासारखं राहतं अन स्क्रीन नुसत्या पाण्यानं धुता येते.

पाण्याच्या रंगाची अडचण एकच, आमचा उन्हाळा. पारा ४५ ला टेकला की रंग जाळीतच वाळतो. तीन-चार पिशव्या झाल्या नाहीत की अक्षरं बारीक व्हायला लागतात, मग बंदच. यावर उपाय म्हणजे सकाळी लवकर बसायचं, पंखा बंद, खिडक्यांना ओली पोती, अन दोन छपाईच्या मध्ये स्क्रीन कोरडी सोडायची नाही, रंग वरून एकदा हलक्या हातानं पसरवून ठेवायचा. पेस्टमध्ये थोडं ग्लिसरीन किंवा युरिया टाकला तर ओल धरून ठेवतो. युरिया तर आमच्या घरी पोत्यानं असतो, कापड छापणाऱ्या कारखान्यांतही तो वापरतात हे कळल्यावर आमच्या बायांना भल्ली मजा वाटली, की हे आपल्या धानाचं खत इथं पण चालते.

कापड आधी धुवायचं. कोऱ्या मांजरपाटात खळ असते, तिच्यावर रंग बसतो अन पहिल्या धुण्यात खळीसोबत निघून जातो. धुतलं की कापड आटतं पण, ते आधीच आटलेलं बरं. अन छापायचं ते शिवायच्या आधी, सपाट तुकड्यावर. टेबलावर जुनं ब्लँकेट, त्यावर रेक्झिन ताणून, म्हणजे खाली थोडी गादी राहते. रबराची पट्टी कापडाशी तिरपी धरायची, फार आडवी धरली की रंग जास्त पडतो अन कडा पसरतात, फार उभी धरली की फिका. दाब दोन्ही हातांचा सारखा. आमच्या गटातल्या एका मावशींचा हात पहिल्यापासून असा बसला की मीच बघत राहिले, त्या वर्षानुवर्षं घर सारवतात, एकसारखा दाब त्यांच्या मनगटात आधीच आहे. आता राखाडी स्क्रीन त्याच ओढतात.

दोन रंगांचं जुळवणं हे मात्र सगळ्यांना जड गेलं. राखाडी मानेवर लाल डोकं नेमकं बसलं पाहिजे, नाहीतर मध्ये पांढरी फट दिसते अन सारसाची मान कापल्यासारखी वाटते. पाय पण लाल स्क्रीनमध्ये, म्हणजे वर अन खाली दोन्हीकडे एकाच वेळी जुळायला हवं. यासाठी स्क्रीन टेबलाला बिजागरीनं पक्की करायची, कापडाच्या दोन बाजूंना पुठ्ठ्याचे ठोकळे चिकटवायचे म्हणजे प्रत्येक तुकडा त्याच जागी बसतो, अन चित्र काढतानाच लाल भाग थोडा वाढवून राखाडीच्या आत घालायचा. आधी राखाडी सगळ्या तुकड्यांवर, ते वाळले की लाल. वाळवायला दोरीवर, दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूनं गरम इस्त्री, सुती कापडाला ठेवतो तेवढी गरम, एका जागी काही मिनिटं दाबून. इस्त्रीत घाई केली की रंग धुण्यात उतरतो.

पहिल्या पिशव्या तयार झाल्या तेव्हा त्यावर लिहिलं होतं "सारस आपला, जपू या आपण". मला आवडलं होतं. बांधीवाल्या एका काकांना दाखवली, त्यांच्या शेतात खरंच घरटं झालं होतं मागे. ते पिशवी उलटसुलट करून म्हणाले, "चित्र बेस आहे. पन मी का करू ते कुठं लिवलं? जपू म्हनजे का करू?" मी त्यांच्यासोबत बसले अन विचारलं तुम्ही काय केलं होतं. तर त्यांनी निंदण करताना घरट्याभोवतीची जागा सोडली होती, त्या बांधीचं पाणी पूर्ण काढलं नव्हतं कारण पाणी गेलं की कुत्रे अंड्यापर्यंत चालत जातात, अन तेवढ्या तुकड्यात फवारणी केली नव्हती. तीन कामं. एवढंच. पुढच्या स्क्रीनवर तेच आलं, "घरटं दिसलं? पाणी ठेवा. फवारणी नको. तेवढी जागा सोडा." चित्रात सारसाची जोडी उभी होती ती बाजूला सरकवली अन मध्ये घरटं आणलं, भोवती चार खुंट्या. काका म्हणाले आता हे कोनालेही समजते.

त्यानंतर मोहाची पिशवी केली, ती तर पूर्णच बायांनी सांगितलेली. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं रात्रीतून गळतात अन पहाटे वेचायची असतात, खाली पालापाचोळा असला की फुलं दिसत नाहीत म्हणून काही जण झाडाखालचा पाला जाळतात, अन ती आग कधी कधी जंगलात सरकते. जंगलखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं. मी चित्र काढलं होतं पेटलेलं झाड अन पळणारं हरीण. मोहफुलं वेचणाऱ्या एका आजीनं ते बाजूला सारलं. त्यांचं म्हणणं होतं की आग दाखवून आम्हाला गुन्हेगार काहून करता, आमचं पोट त्या झाडावर आहे, झाड जळावं असं आम्हाला वाटते काय. पाला झाडून घ्या, जुन्या साड्या जोडून खाली अंथरा, फुलं स्वच्छ येतात, माती लागत नाही, हे काढा. मग काढलं, मोहाखाली अंथरलेली साडी, साडीचे काठ स्पष्ट, त्यावर पडलेली फुलं. एकाच रंगाची स्क्रीन आहे ती, अन मला आजपर्यंतच्या सगळ्या कामात तीच सगळ्यात जास्त आवडते. तेव्हापासून आम्ही ठरवलंय की ज्याला सांगायचं आहे त्याला कच्चं चित्र दाखवल्याशिवाय स्क्रीन पाडायची, म्हणजे बनवायची, नाही. आणि चित्रात करायचं काम दाखवायचं, भीती नाही.

धुण्याच्या पाण्याचं काय करतो ते सांगते, कारण हे कोणी शिकवत नाही. छपाई संपली की स्क्रीनवरचा रंग पुठ्ठ्यानं खरवडून परत डब्यात. मग चिंध्यांनी पुसायचं. मग टबात धुवायचं, नळाखाली नाही. टबातलं पाणी तुरटी फिरवून ठेवून द्यायचं, बराच रंग खाली बसतो, वरचं पाणी पुढच्या वेळच्या पहिल्या धुण्याला. खालचा गाळ वाळवून पापुद्रा निघतो तो कचऱ्यात वेगळा बांधून द्यायचा, खताच्या खड्ड्यात नाही टाकायचा, तो कुजत नाही. स्क्रीनवरचा लेपही आम्ही शक्यतो काढत नाही. सारस दरवर्षी लागतो, मोह दरवर्षी लागतो, स्क्रीना कापडात गुंडाळून उभ्या ठेवतो. त्यानं लेप काढायचं रसायनही वाचतं.

मधे एका ठिकाणाहून मोठी ऑर्डर आली होती, ५ जूनच्या पर्यावरण दिनासाठी, आमचंच चित्र हवं होतं पण पिशवी त्यांची, रंगीत, कापडासारखी दिसणारी नॉन-वुव्हन. लोकांना ती कापडी वाटते. ती पॉलिप्रॉपिलीन असते, सरळ सरळ प्लास्टिक, उन्हात पडली की तिचे धागे धागे सुटून मातीत मिसळतात. देशात ६० जीएसएमपेक्षा (एका चौरस मीटरला ६० ग्रॅम) पातळ नॉन-वुव्हन पिशवीवर २०२१ पासून बंदी आहे अन बाजारात बघाल तर पातळच जास्त. आम्ही गटाची बैठक घेतली, पैशाची गरज सगळ्यांना होती, तरी नाही म्हटलं. मला त्या दिवशी आमच्या बायांचा फार अभिमान वाटला, हे लिहिताना पण वाटून राहिला. ऑर्डर देणाऱ्यांना मांजरपाटाची पिशवी किती महाग पडते अन किती वर्षं टिकते हे सांगितलं, त्यांनी थोड्या घेतल्या.

आता जे चाललंय ते हिरड्याचं. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं, तिथं खादीवर नैसर्गिक रंगांचं काम चालतं, ते पाहिल्यापासून डोक्यात होतं की हिरडा तर आपल्याच जंगलात पडतो. हिरड्याच्या पावडरीच्या पाण्यात कापड भिजवून उन्हात वाळवायचं, ते पिवळट होतं. दुसरीकडे मातीच्या माठात गंजकं लोखंड, खिळे, तुटका विळा अन गूळ पाण्यात आंबवत ठेवायचं. ते पाणी गाळून चिंचोक्याच्या पावडरीची खळ शिजवून दाट करायचं अन त्याच स्क्रीनमधून छापायचं. हिरडा अन लोखंड भेटले की कापडावर डोळ्यासमोर राखाडी ते काळा रंग चढतो. पातळ केलं तर अगदी सारसाच्या पाठीचा राखाडी. लोखंडाचं पाणी कडक झालं तर कापड कमजोर होतं, म्हणून हलकंच ठेवतो अन छापून झाल्यावर कापड भरपूर खळबळून घेतो. लाल मात्र अजून पिगमेंटचाच. पळसाच्या फुलांचा पिवळा करून पाहिला, निघताना इतका सुंदर असतो, पण उन्हात लवकर उडतो, पिशवीला उपयोगाचा नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री नाटक, दंडार हे लोकनाट्य, दिवसभर माणसंच माणसं, लेकी माहेरी येतात. पिशव्या तिथंच सगळ्यात जास्त जातात, दुकानात ठेवून जात नाहीत. लोक विचारतात हे घरटं कोणाच्या बांधीत आहे, मग गोष्ट निघते, कोणी सांगतं आमच्या नदीकाठाला यंदा जोडी दिसली, कोणी सांगतं विजेच्या तारेला एक अडकून मेला. एका मुलीनं भावासाठी पिशवी नेली अन सांगितलं त्याच्या बांधीत सारस बसतो, त्याला हे वाचून दाखवते. सारस गणनेला जाणाऱ्या पोरांनीही घेतल्या.

यंदाच्या मंडईसाठी तिसरं चित्र करायचं आहे, बेशरम नावाच्या झुडपाचं. तलावाच्या काठाला ती वाढत वाढत पाण्यात उतरते, मग देवधान (आपोआप उगवणारं रानधान) अन पाणवनस्पती राहत नाहीत, मासोळीला अंडी घालायला जागा राहत नाही, पक्षी उतरत नाहीत. उपटा म्हणून लिहायला सोपं आहे. पण आमच्याकडे बेशरमची काडी कुंपणाला लावतात, वाळलेली चुलीत जाते, अन कापली की पुन्हा फुटते, मुळापासून काढावी लागते अन ते उन्हाळ्यात पाणी उतरल्यावरच होतं. ढिवर समाजाचे जे लोक तलावात मासोळी करतात त्यांच्यासोबत पुढच्या आठवड्यात बसायचं आहे. कच्चा कागद घेऊन जाते, ते काय खोडतात ते पाहून मग स्क्रीन पाडू.